उशाशी

"देव इथंच असतो बघा, माझ्या उशाशी," सासूबाई सांगत होत्या. गुरुवारच्या भजनाला आलेल्या बायका त्यांच्या लुळ्या पायांवर डोकं टेकवत होत्या. "कूस तोच बदलतो. तहान लागली, की पाणी तोंडाशी येतं."

मी चहाचे कप गोळा करत होते.

बायका गेल्यावर त्यांनी हाक मारली, "कुमुद, पाणी."

"त्यालाच सांगा," म्हटलं आणि दारात तांदूळ निवडत बसले. त्या खरंच कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मलाच राहवलं नाही. मानेखाली हात घालून पाणी पाजलं.

पिऊन झाल्यावर त्यांनी हातानं मला बाजूला व्हायची खूण केली. मी देव्हाऱ्याच्या आड येत होते. मी सरकल्यावर त्यांनी हात जोडले.