पोटातला पदर

"आजी, एवढं दुखत होतं आणि इतके दिवस घरात बसून राहिलात? कुणाला सांगितलं नाही?" टाके तपासता तपासता डॉक्टरीणबाईने विचारलं.

"सांगायला काय, घर भरलेलं आहे माझं," म्हातारी म्हणाली. "आणि आजी म्हणू नकोस. तुझ्याएवढी नात नाही मला."

घर भरलेलं होतं ते भांड्यांनी. लेकाशी बिनसल्याला वर्ष उलटलं होतं. आधी फोन त्याने करायचा, असं तिने ठरवलं होतं. त्यानेही बहुधा हेच ठरवलं असावं. रक्त तिचंच ना! पोटात कळ आली तेव्हा फोन उशाशी होता. तिने दात आवळले, फोन काही उचलला नाही. तीन दिवस दार उघडलं नाही तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने ते फोडलं, म्हणून ती इथवर आली.

"अपेंडिक्स फुटलं होतं. खरं तर वाचणं कठीण होतं." डॉक्टरीण खाटेच्या कडेला टेकली. "पोटाला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याचीच एक घडी पदरासारखी आतड्यांवर लोंबत असते. कुठे काही सुजलं, फुटलं, की हा पदर तिथे जाऊन चिकटतो. ती जागा गुंडाळून घेतो. तुमच्या पदराने सगळा पू एका कोपऱ्यात कोंडून धरला होता."

"त्याला कुणी बोलावलं?"

"बोलवावं लागत नाही."

म्हातारीने मान वळवली. पलीकडच्या खाटेभोवती सुना, जावई, नातवंडं. कुणीतरी संत्रं सोलत होतं, कुणीतरी उगाच हसत होतं. तिच्या खाटेजवळचं स्टूल सकाळीच त्या लोकांनी नेलं होतं.

"परवा घरी सोडते. पण बघायला कुणीतरी हवं. मुलाचा नंबर द्या, मी बोलते."

"काही नको. यायचं असेल तर येईल त्याचा तो." तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, "ते जाऊ दे. शिवताना तो पदर काढून तर नाही ना टाकलास?"

"नाही हो. आहे आत."

"मग आहे की घरी कुणीतरी."

डॉक्टरीण हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

म्हातारीने पोटावर हात ठेवला. मग ती कुशीवर वळली, अगदी हळू, शेजारी निजलेल्या कुणाची झोप मोडू नये तशी.