आज बंद राहील

बैठकीपुढचा पहिला विषय चौदा महिने पहिलाच होता. वाचनालयाच्या संकेतस्थळाची पानं लिहायला आणि सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ग्रंथपाल बाईंना सॉफ्टवेअर नको होतं. त्यांना एक वाक्य पुसायचं होतं. चौदा महिन्यांपूर्वी गच्चीवरची टाकी फुटली, तेव्हा त्यांनी सवयीने लिहून दिलं होतं, 'आज वाचनालय बंद राहील.' दारातल्या फळ्यावर त्या हेच लिहीत आणि दुसऱ्या सकाळी डस्टर फिरवीत. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने ते लाल ठळक अक्षरांत पानाच्या माथ्यावर चढवलं आणि दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून तो निघून गेला. पासवर्डची चिठ्ठी सचिवांच्या पाकिटात सुखरूप होती. पान उघडायचं कशात, एवढंच समितीचं ठरायचं होतं. तोवर रोज आजच होता.

लोक फोन करत. बाई सांगत, वाचनालय उघडं आहे, मी आतूनच बोलतेय. पलीकडचा माणूस समजुतीने म्हणे, "पण तुमच्या साइटवर बंद लिहिलंय ना," आणि फोन ठेवी.

सॉफ्टवेअर दाखवायचं काम समितीतल्या विमा एजंटाकडे होतं. भेटेल त्याला 'फोन अपडेट केलात का' असं विचारायची खोड असल्यामुळे सगळे त्यांना अपडेटराव म्हणत. त्यांनी भिंतीवर पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात पान म्हणजे नुसते कंस आणि तिरप्या रेघा. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, हे एक्स-रेसारखं आहे, ज्याला वाचता येतो त्याच्या उपयोगाचं. दुसऱ्यात जसं दिसेल तसंच पान लोकांना दिसणार होतं, पण अपडेटरावांनी इमारतीचा फोटो जरा उजवीकडे सरकवताच पत्ता जो नाहीसा झाला तो सापडलाच नाही. तिसरं म्हणालं, आधी चारशे नमुन्यांतून एक निवडा. समितीला त्यातला एका बेकरीचा फार आवडला.

बाईंनी वहीत लिहिलं : पहिलं – कंस. दुसरं – गायब. तिसरं – बेकरी. लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. काही उजेड पडला नाही.

"पण यातल्या कशाने ते 'आज' पुसलं जाईल?" त्यांनी विचारलं.

"बाई, पुसणं फार पुढचं," अपडेटराव मायेने म्हणाले. "आधी प्लॅटफॉर्म ठरू दे."

प्लॅटफॉर्म म्हटलं की बाईंना आपली गाडी चुकल्यासारखं वाटे. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसरा विषय वाचकांचा. सचिवांनी आकडे वाचले. गेल्या वर्षी दोनशे बारा, यंदा एकोणीस, आणि त्यातला एक आपलाच रखवालदार. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. लोकांना वाचनच नको झालंय, म्हणाले. मग त्यांनीच सुचवलं, पहिल्या तारखेपासून वाचनालय कायमचं बंद करावं आणि जागा शेजारच्या व्यायामशाळेला द्यावी. सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि सगळ्यांनी संमती दिली.

बाईंचं पेन वहीवर होतं तिथेच राहिलं. एकोणीसच्या एकोणीस जणांना त्या तोंडओळखीने नव्हे, पुस्तकांनी ओळखत होत्या.

सचिव नियमाचे पक्के. त्यांनी गेल्या वर्षीचा ठराव काढला. यापुढे कोणतीही सूचना फक्त संकेतस्थळावर द्यायची, आणि दिल्यापासून पंधरा दिवसांनीच ती लागू व्हायची. त्याच ठरावाने दारातला फळा कपाटामागे गेला होता.

"सूचना आहेच की वर," अपडेटराव म्हणाले. "चौदा महिने आहे."

सगळ्यांचे चेहरे उजळले. सचिवांनी मान हलवली. "त्यात 'आज' आहे. आपल्याला 'कायमचं' पाहिजे. शब्द बदलल्याशिवाय बंद करता येणार नाही."

"म्हणजे सॉफ्टवेअर आलं," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. "मग किती घोळ घालायचा? दुसरं घेऊन टाका. हात वर करा."

दोन हात वर गेले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी ठरत होतं. बाईंनी वहीकडे पाहिलं. कंस, गायब, बेकरी. अजूनही त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"मला मेलीला यातलं काही समजत नाही," त्या म्हणाल्या, "पण डॉक्टर, दुसऱ्यात जोडाक्षरं नीट येतात का?"

अपडेटरावांनी, म्हणजे काय बाई, म्हणत झोकात 'अध्यक्ष' टाइप केलं. भिंतीवर अध् यक् ष असे तीन तुकडे पडले. डॉक्टर स्वतःच्या पदाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे चालायचं नाही," ते म्हणाले.

उपसमिती नेमली गेली. माणसं तीच, अहवाल सहा महिन्यांनी. शंका चांगल्या काढतात म्हणून बाईंनाही घेतलं. निघता निघता बाईंनी विचारलं, तिसऱ्यात रफार कसा येतो तेही बघायला लागेल ना? डॉक्टरांनी तेही नोंदवून घ्यायला सांगितलं.

सगळे गेल्यावर बाई खाली आल्या. कपाटामागचा फळा ओढून काढला, धूळ पुसली, तो दारात उभा केला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आज वाचनालय उघडं राहील.'

मग डस्टर खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं.