क्लेमचा आवाज

क्लेम होल्रॉइड जिवंत आहे, ही बातमी मार्था सग्डनला दूधवाल्याने दारातच दिली.

"दक्षिणेकडच्या कुठल्याशा इस्पितळात होता म्हणे. स्वतःचं नाव आठवेना, गाव आठवेना. पलटणीतल्या एकानं ओळखलं. त्याची आई ॲडा जाऊन घेऊन आली त्याला." दूध ओतता ओतता त्याने मान वर केली. "तुमच्याकडे तर तो मेलेला होता ना, बाई?"

मार्थाने दार लावून घेतलं आणि ती आतल्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

महायुद्धानंतर कीथलीच्या गिरणीवस्तीतल्या कितीतरी आया तिच्या पुढच्या खोलीत येत. पडदे ओढायचे, एखादं स्तोत्र म्हणायचं, आणि मग मार्थाच्या तोंडून त्यांची गेलेली मुलं बोलायची. ते सगळंच सोंग नव्हतं. मार्थाची स्वतःची मुलगी गेली, तेव्हा तिची हाक तिला खरोखर ऐकू आली होती. पण पुढे पुढे काहीच ऐकू येईना, आणि समोरची बाई तर डोळ्यांत प्राण आणून बघत असायची. मग मार्था आपल्याच मनाचं बोलायची. 'मी सुखात आहे, आई. आता काही दुखत नाही.'

ॲडाशी क्लेम असाच बोलला होता. तेव्हा तो नुसता बेपत्ता होता. त्या दिवशी ॲडा मार्थाचे हात धरून म्हणाली होती, "सुटले गं. आता त्या चौकशा नकोत नि ते हेलपाटे नकोत." मार्थाला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. ती गप्प बसली. आणि तिकडे तो पोरगा परक्या खाटेवर पडून होता, त्याला शोधणारं कुणी उरलं नव्हतं.

गेलेल्यांशी बोलणं करून देते, अशी खिडकीत लावलेली पाटी काढून तिने शेगडीत घातली. ॲडाकडे जायचं म्हणून शाल पांघरून निघाली, पण गल्लीच्या तोंडाशी पाय उचलेनात. परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

शेवटी ॲडाच आली.

"मी खोटं बोलले, ॲडा," तिला बसूही न देता मार्था म्हणाली. "क्लेम इथे कधीच आला नव्हता. ते सगळं माझंच होतं. माझ्यामुळे तू त्याला शोधायचं सोडलंस. तुला काय बोलायचं ते बोल मला."

ॲडा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. बराच वेळ हातमोजे काढत राहिली.

"पाठीवर हात ठेवला की टेबलाखाली शिरतो," ती म्हणाली. "जेवायला वाढलं तर भिंतीकडे तोंड करून खातो. काल पहिल्यांदा बोलला. म्हणाला, नर्सबाई, मला घरी कधी सोडणार?"

मार्थाचा बांध फुटला. "ॲडा, मला माफ..."

"ते राहू दे." ॲडा उठली आणि तिने स्वतःच्या हाताने पडदे ओढले. "तूच बोलत होतीस, कळलंय मला. तरी बोलाव त्याला. तुझ्याकडचा तो मला आई म्हणायचा."