चाळीस रोपं, अडतीस पिशव्या

साल १९८१. मुलांच्या डोंगरातल्या शिबिराचा नववा दिवस कलत आला होता. आठ दिवस त्यांनी मुरमाड उतारावर खड्डे खणले होते, आज रोपं लावून झाली होती, आणि उद्या सकाळी बक्षीस म्हणून दोराने कडा उतरायचा होता. रोपवाटिकेच्या मावशी रोपांच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या मोजत बसल्या होत्या. त्यांनी एकदा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"चाळीस रोपं, अडतीस पिशव्या," त्या म्हणाल्या. "दोघं जण कपड्यांसकट आंघोळीला बसलेत."

अकराही मुलं हसली. सर हसले नाहीत. पिशवी तशीच राहिली तर मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि दोन-तीन वर्षांत झाड मरतं, हे त्यांनी सकाळी पहिलं रोप स्वतः लावून दाखवताना चांगलं अर्धा तास सांगितलं होतं. आणि शेवटी बजावलं होतं, ज्याची पिशवी राहील त्याला दोर नाही.

टाचणी हसता हसता थांबली. ती तेरा वर्षांची होती आणि अंगाने इतकी किरकोळ की हे नाव पहिल्याच दिवशी चिकटलं होतं. तिच्या सामानात दादाचे चामड्याचे हातमोजे होते. दादा गेल्या वर्षी कडा उतरला होता. हातमोजे देताना तो म्हणाला होता, "यांच्या तळव्याला दोराच्या खुणा दिसल्या पाहिजेत. नाहीतर समजेन, वरूनच रडत परत फिरलीस."

"कुणाची राहिली?" सरांनी विचारलं.

"माझी चारही नीट आहेत, सर," कॅप्टन म्हणाला. त्याला कुणी कॅप्टन नेमलं नव्हतं, तो आपणच झाला होता. "पाहिजे तर उकरून बघा."

"उकरणारच आहोत. कुणी बोललं नाही तर सगळी."

मुलांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. बहुतेकांच्या तळव्यांना फोड आले होते.

"एक माझं आहे," टाचणी म्हणाली. "ओढ्याकडचं शेवटचं. पिशवी फाटत नव्हती, आणि सगळे पोहायला गेले होते."

"एकच?"

"एकच."

"एक कबूल करायचं आणि एक गिळायचं," कॅप्टन म्हणाला. "शहाणी आहेस हं, टाचणे!"

"उद्या तुला दोर नाही," सर म्हणाले.

"माहीत आहे."

दुसऱ्या रोपाला धनी मिळेना. मग सगळे पुन्हा उतारावर चढले. टाचणीने ओढ्याकडचं आपलं रोप काढून, पिशवी सोडवून पुन्हा लावलं. बाकीच्यांनी एकेक रोप हाताने मोकळं केलं, पाहिलं, पुन्हा माती दाबली. ऊन डोंगराच्या पलीकडे गेलं तेव्हा एकोणचाळीस रोपं पाहून झाली होती. उरलं ते सगळ्यात वरचं, भोवती दगडांचं कडं केलेलं, सरांनी सकाळी लावून दाखवलेलं.

त्याला हात कुणी लावेना. कॅप्टनही चपलेतला खडा काढत बसला.

सर स्वतःच गुडघ्यावर बसले. दोन ओंजळी माती बाजूला केली आणि काळं प्लॅस्टिक दिसलं. त्यांनी पिशवी फाडली, मुळं मोकळी केली, माती लोटली, दाबली. मग पिशवी झटकून, चार घड्या घालून मावशींच्या हातात दिली.

"झाल्या चाळीस," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तरी त्या पोरीला सोडा की."

टाचणी सरांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"तिला कसं सोडू?" सर म्हणाले. "मलाही नाही दोर. उद्या वर ताई जाईल."

ताई म्हणजे त्यांची मदतनीस. सकाळी तिने कड्याच्या माथ्यावर दोर बांधला आणि दहा मुलांना रांगेत उभं केलं. कड्याच्या पायथ्याशी सर आणि टाचणी. खाली दोराचं टोक धरायला कुणीतरी लागतंच. वरचा घसरला तर खालच्याने दोर ताणायचा, म्हणजे तो जागीच अडकतो. टाचणीने दादाचे हातमोजे घातले.

"पिशवी फाटत नव्हती तर हाक मारायची," सर म्हणाले.

"तुम्ही कसे विसरलात?"

"मी बोलत होतो."

कॅप्टन सातवा आला. निम्म्यावर त्याचा पाय सुटला, मग हातही सुटला. दोर टाचणीच्या तळव्यांतून सर्रकन धावला. ती दोरासकट मागे रेलली. सरांचा हात तिच्या हातामागे आला, पण दोराला लागला नाही. कॅप्टन हवेत लटकून झोके घेत राहिला.

"धरून ठेव," सर म्हणाले. "घाई नाही."

घरी दादाने हातमोजे उलटे करून पाहिले. तळव्यांवर दोन काळे पट्टे भाजल्यासारखे उमटले होते.

"म्हणजे उतरलीस तू!"

"नाही," ती म्हणाली. त्याने काही ते मानलं नाही. आजही तो नातवंडांना सांगतो, तुमची आजी तेराव्या वर्षी कडा उतरली.

ती कधीच उतरली नाही. तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कॅप्टन बोटीवर नोकरीला लागला आणि दरवर्षी तिला न चुकता पत्र पाठवत राहिला, पण त्या सकाळबद्दल त्यात एक अक्षर नसे. मावशी निवृत्त होईपर्यंत दर वेळी पिशव्या दोनदा मोजत. सर मागच्या हिवाळ्यात गेले. शिबिर आता ताईची मुलगी चालवते. उतारावर तिसेक झाडं आहेत, त्यांतलं कुणाचं कोणतं हे आता सांगता येत नाही.

शिबिरात पहिलं रोप अजूनही लावून दाखवतात. लावणारा आधी रिकामी पिशवी उंच धरतो, ती सगळ्या मुलांनी पाहिली की खाली ठेवतो, आणि मगच बोलायला लागतो.