पायलटशेजारची सीट

कॅरिआकू बेटावरून ग्रेनाडाला जाणाऱ्या आमच्या चिमुकल्या विमानात सगळ्यांचा डोळा पायलटशेजारच्या सीटवर असतो. पण तिथे कायम कॅप्टन कथबर्टांची बायको, व्हर्नाआँटी, ठाण मांडून बसलेली असते. आज ती भांडून घरीच राहिली आणि मी झडप घालून ती सीट पटकावली.

"एवढ्याशा प्रवासातही आँटी तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही का हो?" मी कॅप्टनना डिवचलं. मागची मंडळी खो खो हसली. कॅप्टन मात्र हसले नाहीत.

विमान ढगात शिरलं, तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"पोरी, मागे कुणाला कळू देऊ नकोस. ते समोरचे आकडे मला हळूच वाचून दाखव. रोज तुझी आँटीच वाचते."