डावीकडे बघायची खोड

तालुक्याच्या कबड्डीचा अंतिम सामना रंगात आला होता आणि दोन्ही संघ खुर्च्यांवर बसून तो पडद्यावर बघत होते. हल्ली खेळाडूंचे आकडे यंत्रात भरतात, वर पाच टक्के नशीब घालतात आणि सामना यंत्रच खेळतं. गुडघे फुटत नाहीत, एवढं खरं.

म्हणून तर सुमनचा नवरा जालिंदर वारल्याला तीन वर्षं झाली तरी संघात होता. मात्र वयापोटी त्याच्या आकड्यांतले गुण दरवर्षी कापले जात. आता एक्केचाळीस उरले होते. आज पकडला गेला की दोन जाणार, आणि चाळिशीखाली गेलेल्याचं नाव कायमचं निघतं.

शेवटची चढाई होती, जिंकायला एक गुण हवा होता.

"वैनी, जालिंदरला पाठवू का?" प्रशिक्षक धोंडीभाऊंनी विचारलं.

"पाठवा की. पाच टक्के नशीब त्यांना जिवंतपणी तरी कुठं होतं?"

पडद्यावरच्या जालिंदरने दोघांना शिवलं, मध्यरेषेकडे झेप घेतली आणि हातभर अंतरावर थांबून डावीकडे बघितलं. जिवंत असतानाही सुमन कुठे बसलीय ते तो असंच बघायचा. चौघांनी त्याला तिथेच दाबलं.

"ही खोड यंत्रातून काढायचा अर्ज पाठवला होता ना तुमच्याकडे?" धोंडीभाऊ हळहळले.

"आला होता," डावीकडच्या खुर्चीवरून सुमन म्हणाली. "मी सही नाही केली."