बिनआवाजाचा गेम

रॉबर्ट दारातच उभा राहिला. बूट पायात, सुकेळीचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं हातात. "आईनं दिलंय," एवढंच म्हणाला आणि पुडकं एमिलीच्या हातात देऊन मोकळा झाला. कुरियरवालासुद्धा याच्यापेक्षा दोन शब्द जास्त बोलतो.

"आत तरी ये ना, दादा."

"रिक्षा थांबवलीय खाली."

थापा. रिक्षा त्याला सोडून केव्हाच निघून गेली होती, एमिलीनं गॅलरीतून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं जितेंद्रशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून हा सख्खा भाऊ तिच्याशी बोलत नव्हता. जहाजावरून सुट्टीला यायचा, वटारला आईकडे राहायचा, परत जायचा. वटारहून विरार म्हणजे काय लांब आहे? पण नाही. उद्या तो पुन्हा जहाजावर निघणार, म्हणून आईनं आज अक्षरशः ढकलून त्याला इथवर पाठवलं होतं. एमिलीला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा तिच्या घरात बसावं. जेवू नको बाबा, पण बस.

जितेंद्र आतून लगबगीनं आला. भला माणूस, पण कुठे काय करावं हे कळेल तर शपथ. "या, रॉबर्टभाऊ, या. बूट राहू द्या. तुम्हाला एक गंमत दाखवतो." मेहुण्याला खूश करायची त्याची आठवडाभर तयारी चालली होती. रॉबर्ट नाइलाजानं चार पावलं आत आला आणि कंप्युटरसमोरच्या खुर्चीमागे उभा राहिला.

पडद्यावर दगडी भिंतींचं भुयार होतं. समोर लाल डोळ्यांचे राक्षस, खेळणाऱ्याच्या हातात बंदूक.

"तुमच्या लहानपणचाच गेम," जितेंद्र म्हणाला. "नव्या कंप्युटरवर चालत नाही तो, उघडला की बंद पडतो. पण जगात हौशी लोक असतात हो. आपल्या वेळात बसून त्यांनी तो नव्या विंडोजवर चालेल असा करून ठेवलाय. इंटरनेटवर फुकट मिळतो." आणि त्यानं नव्या स्पीकरचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

भुयाराचा दरवाजा खणखणीत लोखंडी आवाज करत उघडला. आतला राक्षस असा गुरगुरला की टेबल थरथरलं. रॉबर्टचा चेहरा उतरला.

"हा आमचा गेम नाही," तो म्हणाला.

"अहो, तोच आहे."

"आमच्या गेमला आवाज नव्हता."

खरंच नव्हता. वडिलांनी वालीवच्या कारखान्यात मोडीत निघालेला कंप्युटर घरी आणला होता, त्याला स्पीकर कुठून असणार? गेमच मुका आहे, अशी दोन्ही पोरांची खात्री होती. मग एमिली खेळायची आणि रॉबर्ट तिच्या मागे उभा राहून तोंडानं आवाज काढायचा. दरवाजा उघडला की विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर. बंदूक चालली की चर्चच्या सणाचे फटाके. आणि राक्षस आला की शेजारच्या इनेझमावशीचं डुक्कर, नाताळच्या आदल्या दिवशी धरताना ओरडायचं तसं. एमिली हसून हसून मरायची आणि राक्षसाच्या हातूनही मरायची.

"निघतो मी," रॉबर्ट म्हणाला आणि वळला.

एमिलीला नवऱ्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. जितेंद्र डोकं खाजवत उभा राहिला. "मला एक कळत नाही," तो बिचारा आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ही तर रोज आवाज बंद करूनच खेळते. एवढे स्पीकर आणले, तरी. मला वाटायचं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून."

रॉबर्ट थांबला.

"आणि इंटरनेटवर मिळतो तो नुसता चालवणारा प्रोग्राम. ती भुयारं, ते राक्षस, सगळं हिच्या जुन्या फ्लॉप्यांमधून घ्यावं लागलं."

"फ्लॉप्या तू आणल्यास?" रॉबर्टनं आल्यापासून पहिल्यांदाच बहिणीकडे नीट पाहिलं. "गेल्या सुट्टीत मी अख्खा माळा उपसला त्यांच्यासाठी. आईला वाटलं, मला वेड लागलंय."

"तुला कशाला हव्या होत्या?"

"अशाच," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

एमिली खुर्चीत बसली. तिनं स्पीकर बंद केले आणि खेळायला लागली. एक दरवाजा उघडला. मागून काही आवाज नाही. दुसरा उघडला. मागे कोणीतरी नुसतं खाकरलं. मिशा आलेला, जहाजावर दहा माणसं हाताखाली असलेला गडी, बहिणीच्या नवऱ्यासमोर तोंडानं कुरकुर करायची म्हणजे लाज वाटणारच. भुयाराच्या वळणावरून राक्षस आला. एमिलीनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"गोळी मार ना. मरशील," रॉबर्ट म्हणाला.

"मरू दे."

राक्षस जवळ आला, आणखी जवळ आला, पडदाभर झाला. आणि मग रॉबर्टनं जो काही चीत्कार केला, तो इनेझमावशीच्या डुकरालाही जमला नसता. एमिली खुर्चीतच दुमडली. तिला हसू आवरेना की रडू, तिचं तिलाच कळेना. रॉबर्टनं पायानंच स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला.

एवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या मनोरमाकाकू हातात झारा घेऊन उभ्या होत्या, चेहरा घाबराघुबरा. "जितेंद्र, अरे, तुमच्याकडे डुक्कर शिरलं की काय? तिसऱ्या मजल्यावर?"

"नाही, काकू," जितेंद्र म्हणाला. "आमचे मेहुणे आलेत."

आतून डुक्कर पुन्हा ओरडलं, या खेपेला जरा जास्तच जोरात.